नियती कोण वाजवणार, लिओनोरा कोण गाणार: बँडसाठी उतरवलेल्या एका ओव्हर्चरचा प्रकरण अभ्यास

तीनदा एकच स्वर. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन. बासून, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन एकाच वेळी तो स्वर फुंकतात, तिसऱ्यांदा लांबवतात आणि थांबतात. मग पुन्हा तेच तीन. कोणीतरी दारावर थाप मारतंय आणि आत बसलेल्याला कळून चुकलंय की दार उघडावंच लागणार. त्यानंतर व्हायोलिनं अगदी हलक्या आवाजात, धापा टाकत, वर चढणारी एक अस्वस्थ आकृती सुरू करतात. इटालियन संगीतकार जुझेप्पे व्हेर्दीच्या ‘ला फोर्त्सा देल देस्तीनो’ म्हणजे ‘नियतीची शक्ती’ या ऑपेराचं ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधी वाजणारं वाद्यसंगीत, असं उघडतं. पुढची सात-आठ मिनिटं ती अस्वस्थ आकृती पाठ सोडत नाही.

जगभरचे बँड हे ओव्हर्चर वाजवतात. ‘बँड’ हा शब्द इथे वरातीतल्या बँडपेक्षा मोठ्या अर्थानं घ्यायचा: क्लॅरिनेट, बासऱ्या, सॅक्सोफोन, सगळी पितळी वाद्यं आणि ताशे-ढोल मिळून चाळीस-पन्नास जणांचा ताफा, ज्यात व्हायोलिन एकही नाही. आता अडचण उघड आहे. हे संगीत ज्या वाद्यवृंदासाठी लिहिलं त्याचा निम्म्याहून मोठा भाग तंतुवाद्यांचा. तो काढून टाकला की उरतं काय, आणि उरलेल्यांत कामाची वाटणी कशी करायची? हेच आपलं प्रकरण. बहुतेक चर्चा ‘व्हायोलिनच्या जागी कोण’ या प्रश्नापाशी अडकते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. या ओव्हर्चरमध्ये दोन पक्ष आहेत, एक नियती आणि दुसरी तिच्यापुढे पदर पसरणारी माणसं. ते दोन पक्ष कानाला वेगळे ऐकू येत राहिले तर बँडवरचं वादन तरतं, ते एकमेकांत मिसळले तर कितीही सफाईनं वाजवलं तरी बुडतं. इटलीतल्या बँडमास्तरांनी या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवलं आहे, आणि ते उत्तर त्यांना ऑपेराच्या गायकांकडून मिळालं.

आधी ऑपेराबद्दल, थोडक्यात

गोष्ट स्पेनमधली. लिओनोरा ही एका सरदाराची मुलगी. तिचं प्रेम आल्वारोवर, ज्याच्या अंगात इंका राजघराण्याचं रक्त आहे आणि म्हणून तो तिच्या बापाला चालत नाही. पळून जायच्या रात्री बाप समोर येतो. आपण लढणार नाही हे दाखवायला आल्वारो पिस्तूल खाली टाकतो, ते जमिनीवर आपटून उडतं आणि म्हातारा मरतो. इथून पुढे लिओनोराचा भाऊ दोघांच्या मागे सूड घ्यायला फिरतो. ती एका मठाच्या आश्रयाला जाऊन डोंगरातल्या गुहेत एकटी राहते, आल्वारो आधी सैनिक आणि मग संन्यासी होतो, तरी कोणी कोणाला चुकत नाही.

पहिला प्रयोग १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. तेव्हा सुरुवातीला फक्त एक छोटं प्रवेशसंगीत होतं. शेवटी आल्वारोसुद्धा कड्यावरून उडी घेत असे, म्हणजे रंगमंचावर कोणी वाचतच नसे. व्हेर्दीला हे डाचत राहिलं. मिलानच्या ला स्काला या नाट्यगृहासाठी त्यानं ऑपेरा पुन्हा हातात घेतला, शेवट बदलून आल्वारोला जिवंत ठेवलं आणि त्या छोट्या प्रवेशसंगीताच्या जागी संपूर्ण नवं ओव्हर्चर लिहिलं. हा नवा प्रयोग २७ फेब्रुवारी १८६९ चा. आज आपण ऐकतो ते ओव्हर्चर हेच.

मराठी वाचकाला इथे संगीत नाटकाची नांदी आठवेल, पण फरक लक्षात घ्यायला हवा. नांदीला शब्द असतात, ती देवाला हाक मारते आणि पुढच्या कथानकाशी तिचा संबंध असेलच असं नाही. हे ओव्हर्चर मुकं आहे आणि पुढे येणाऱ्या गाण्यांच्या चालींचंच बनलेलं आहे. चौथ्या अंकात आल्वारो लिओनोराच्या भावाला विनवतो ती चाल यात आहे. दुसऱ्या अंकात मठाच्या दारात येऊन लिओनोरा ‘माते, मला टाकू नकोस’ असं मेरीमातेला विनवते ती चाल आहे. त्याच अंकात तिला आश्रय मिळाल्यावर ती ज्या चालीत देवाचे आभार मानते तीही आहे. म्हणजे ज्याला आपण वाद्यसंगीत म्हणतो तो ऐवज मुळात माणसांच्या गळ्यातला आहे. ही गोष्ट बँडसाठी फार मोलाची, कारण गळा आणि फुंकवाद्य दोन्ही चालतात ते एकाच भांडवलावर, दमसासावर.

देणं-घेणं दोन्हीकडून

ऑपेराची गाणी बँडनं उचलली हे सगळ्यांना माहीत असतं. ऑपेरानं आधी बँड उचलला होता, हे कमी सांगितलं जातं. संगीतकार रोस्सिनीनं १८१८ मध्ये नेपल्सला ‘रिच्चार्दो ए झोराइदे’मध्ये रंगमंचावरच वाजणारा बँड आणला आणि पुढे इटालियन ऑपेरात ती पद्धतच पडली. मिरवणूक, सैन्य, मेजवानी, नाच असं काही आलं की पडद्याआड किंवा मंचावर बँड हवाच. व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’त तो आहे, ‘मॅकबेथ’मध्ये आहे, ‘रिगोलेत्तो’च्या पहिल्याच प्रसंगात ड्यूकच्या मेजवानीत आहे. आणि गंमत बघा: या बँडचं संगीत व्हेर्दी बहुतेक वेळा पियानोच्या दोन ओळींसारखं, नुसता सांगाडा म्हणून लिहून देत असे. कोणतं वाद्य काय वाजवणार हे ज्या गावी प्रयोग असेल तिथला बँडमास्तर ठरवी, कारण प्रत्येक गावच्या बँडमध्ये वाद्यं वेगळी. म्हणजे व्हेर्दीचं संगीत बँडसाठी लावून घेण्याची मुभा बँडमास्तरांना खुद्द व्हेर्दीनंच दिलेली होती. नंतर त्यांनी अख्खी ओव्हर्चरं उतरवून घेतली, यात मला चोरीमारी दिसत नाही. सवयीचंच काम त्यांनी पुढे नेलं.

व्हेर्दी स्वतः याच मुशीतला. बुस्सेतो या लहानशा गावात वाढताना, तेरा ते अठरा या वयात आपण बँडसाठी शेकड्यांनी मार्च लिहिले, असं त्यानंच पुढे एका पत्रात सांगितलं आहे. गावच्या फिलहार्मोनिक मंडळींत तो शिकला, तिथेच वाजवत मोठा झाला. ला स्कालाचा व्हेर्दी आपल्याला दिसतो, बुस्सेतोच्या चौकातला दिसत नाही.

संगीतकार आमिल्कारे पोंकिएल्लीचं उदाहरण याहून बोलकं आहे. क्रेमोनाजवळच्या एका खेड्यात १८३४ साली जन्म, नवव्या वर्षी मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, प्रवेश, बाविसाव्या वर्षी पहिला ऑपेरा. त्यानंतर नशिबानं हात आखडता घेतला. पोटासाठी त्यानं १८६१ मध्ये पियाचेन्झाच्या आणि १८६४ पासून क्रेमोनाच्या बँडचं नेतृत्व पत्करलं. ही दहा-बारा वर्षं त्यानं रडत काढली नाहीत. मार्च लिहिले, शोकसंगीत लिहिलं, ऑपेरांवरच्या कल्पना लिहिल्या, दोन क्लॅरिनेटांचा संवाद लिहिला, आणि १८७२ मध्ये ज्याला आपण साधारणपणे युफोनियम म्हणू त्या वाद्यासाठी बँडच्या साथीनं एक कॉन्चेर्तो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवणारी रचना, लिहिला. एखाद्या सोप्रानोला, म्हणजे सर्वांत उंच गळ्याच्या गायिकेला, द्यावा तसा सगळा नखरा त्या जाड्या पितळी वाद्याला त्यात दिलेला आहे. ‘ला जोकोंदा’नं १८७६ मध्ये त्याचं नाव झालं ते नंतर. त्याचा शिष्य मास्कान्यी याचीही गोष्ट तीच: ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ लिहिली तेव्हा तो पूल्या प्रांतातल्या चेरिन्योला गावी नगरपालिकेच्या पगारावर लोकांना वाद्यं शिकवत होता. १८९० मध्ये रोममध्ये त्या ऑपेरानं त्याला एका रात्रीत प्रसिद्ध केलं.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्याशिवाय यातलं काहीच घडलं नसतं. व्हेर्दीचा जन्म १८१३ चा. पितळी वाद्यांना कळा, म्हणजे व्हॉल्व्ह, बसले ते त्याच्या बालपणी. त्याआधी ट्रम्पेटमधून निसर्गतः निघतील तेवढेच मोजके स्वर येत, त्यांवर सलाम्या वाजत, गाणं वाजत नसे. व्हॉल्व्हनंतर पितळेला पूर्ण सप्तक मिळालं. १८४० च्या दशकात वाद्यं घडवणाऱ्या अडोल्फ सॅक्सनं सॅक्सहॉर्न या पितळी वाद्यांचं अख्खं कुटुंब बाजारात आणलं, इटलीतल्या कारागिरांनी आपापल्या परीनं तशीच वाद्यं घडवली, आणि त्यांना तिथे फ्लिकोर्नो हे नाव रुळलं. सोप्रानो फ्लिकोर्नो, टेनर फ्लिकोर्नो, बॅरिटोन फ्लिकोर्नो. नावंच गायकांची.

चौकातलं नाट्यगृह

दक्षिण इटलीत, विशेषतः पूल्यात, ग्रामदैवताच्या, म्हणजे गावच्या संताच्या उत्सवाला बँड बोलावायची रीत आहे. जोया देल कोल्ले, स्क्विन्झानो, कॉन्व्हेर्सानो, आक्वाव्हिवा देल्ले फोन्ती या गावांचे बँड त्या मुलखात नावाजलेले. चौकात एक लाकडी, घुमटाचा, दिव्यांनी मढवलेला मंच उभा करतात. त्याला ‘कास्सार्मोनिका’ म्हणतात. हा मंच सुटा करून गावोगाव नेता येतो. वादक गोल बसतात, घुमट त्यांचा आवाज गोळा करून खाली लोकांत टाकतो. कधी दोन गावांचे बँड बोलावतात आणि मग रात्री उशिरापर्यंत चढाओढ चालते.

आणि वाजतं काय? ऑपेरा. ओव्हर्चर तर असतंच, शिवाय अख्ख्या अंकांतल्या निवडक भागांची माळ. सोप्रानोची जागा सोप्रानो फ्लिकोर्नो वाजवतो, टेनरची टेनर फ्लिकोर्नो, बॅरिटोनची बॅरिटोन फ्लिकोर्नो. वादक शब्द उच्चारत नाही, पण शब्द जिथे तुटतात तिथेच तो श्वास घेतो, गायक जिथे रेंगाळतो तिथेच रेंगाळतो. ज्यांनी आयुष्यात नाट्यगृहाची पायरी चढली नाही अशी शेतमजूर, न्हावी, चांभार मंडळी समोर उभं राहून ते शब्द मनातल्या मनात म्हणत. आपल्याकडे ‘मानापमान’ कधीही न पाहिलेल्या माणसाला त्यातली पदं तोंडपाठ असतात, तसंच हे. नाटक संपलं तरी पद उरतं, कारण ते बैठकीत, पेटीवर, रेडिओवर फिरत राहिलेलं असतं.

हे वाचताना गोव्यातली फेस्तं डोळ्यांपुढे येतात. संताचं फेस्त, इगर्जीपुढचं अंगण, पांढरे सदरे घातलेला ब्रास बँड. तिथे ऑपेराची माळ वाजत नाही, पण देवळाच्या उत्सवानं आणि चर्चच्या अंगणानं गावाला पितळी वाद्यं आणि स्वरलिपी दिली, हे नातं दोन्हीकडे सारखंच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी वाचायला शिकलेले वादकच पुढे मुंबईत बँडांमधून आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाजवत होते.

उत्तरेकडे, रोममध्ये, हेच काम वेगळ्या शिस्तीनं चाललं. आलेस्सांद्रो व्हेस्सेल्ला हा नेपल्समध्ये शिकलेला संगीतकार १८८५ मध्ये रोमच्या नगरपालिकेच्या बँडचा प्रमुख झाला आणि पुढची साडेतीन दशकं त्या जागेवर राहिला. पियात्सा कोलोन्नाच्या उघड्या चौकात त्यानं रोमकरांना बेटहोवन ऐकवला, वागनर ऐकवला. त्याहून टिकाऊ काम म्हणजे बँडमध्ये कोणतं वाद्य किती, कोणत्या कुटुंबाचं, कशासाठी, याची त्यानं लावलेली घडी. इटालियन बँडची स्वरलिपी आजही बरीचशी त्या घडीवर चालते. गावागावांतली मनमानी संपली, आणि फ्लिकोर्नोचं कुटुंब त्या घडीत मानाच्या जागी बसलं.

आता स्वरलिपी समोर घेऊ

पहिली अडचण पट्टीची. मूळ ओव्हर्चर ‘ए’ भोवती फिरणाऱ्या मायनर सुरावटीत सुरू होतं आणि ‘ई’ मेजरमध्ये, म्हणजे पांढरी तीनच्या उजळ सुरावटीत संपतं. व्हायोलिनला ही पट्टी प्रिय, कारण तिची सर्वांत वरची तार मोकळी सोडली की हाच स्वर झळाळतो. बँडचा कणा असलेला क्लॅरिनेट मात्र ‘बी फ्लॅट’चा. त्याचा वादक कागदावरचा सा वाजवतो तेव्हा बाहेर काळी पाच ऐकू येते. मूळ ‘ई’ मेजर त्याच्या कागदावर सहा शार्पची, म्हणजे सहा स्वर अर्ध्यानं चढवून वाजवायची, सुरावट होऊन बसतं. वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवाला अशा वेळी ‘ए’चा दुसरा क्लॅरिनेट उचलतो, बँडवाल्याकडे तो नसतो. गावच्या बँडमध्ये वीस क्लॅरिनेट सहा शार्पमध्ये पळवायचे म्हणजे वीस जणांची दमछाक आणि ऐकणाऱ्यांची शिक्षा.

उपाय म्हणजे अख्खं संगीत अर्धा स्वर सरकवायचं. खाली की वर? खाली सरकवलं तर शेवट ‘ई फ्लॅट’मध्ये येतो, बँडला घरच्यासारखा. पण सुरुवातीचा मायनर भाग सात फ्लॅटच्या, म्हणजे अर्ध्यानं उतरवलेल्या स्वरांच्या, दलदलीत जातो. वर सरकवलं तर सुरुवात ‘बी फ्लॅट’ मायनरमध्ये येते, म्हणजे क्लॅरिनेटच्या कागदावर तीन फ्लॅट, आणि शेवट ‘एफ’ मेजरमध्ये, कागदावर एकच शार्प. मधलं पितळी वाद्यांचं भजनासारखं गंभीर गाणं ‘जी’मधून ‘ए फ्लॅट’मध्ये येतं, ते तर पितळेला मऊ उशीसारखं. माझं मत स्पष्ट आहे: वर जावं. पांढरी तीनच्या तीन थापा पांढरी चारवर पडल्यानं नियतीचं काही बिघडत नाही. वरच्या टोकाला ट्रम्पेटवाल्याला थोडं अधिक सोसावं लागतं, ते त्यानं सोसावं.

दुसरी अडचण खरी जीवघेणी. वाद्यवृंदात त्या तीन थापा भीती घालतात, कारण त्या वेळी तंतुवाद्यं गप्प असतात. साठ माणसं बसलेली, त्यांतली पंधरा फुंकतात. बाकीच्यांचं गप्प राहणं हा त्या आवाजाचाच भाग असतो. बँडमध्ये सगळेच फुंकणारे. उत्साही बँडमास्तर त्या थापा सगळ्यांना देऊन टाकतो: क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, फ्लिकोर्नो, ट्यूबा, सगळे. आवाज मोठा होतो आणि नियती नाहीशी होते, उरतो तो सलामीचा गजर. असं वादन मी ऐकलं आहे आणि दोन मिनिटांत लक्ष उडालं. पहिल्याच क्षणी सगळी पुंजी उधळल्यावर पुढच्या विनवण्या कोणापुढे करायच्या?

इथे वाद्यांच्या नळीचा आकार कामाला येतो. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची नळी बरीच लांबपर्यंत सरळ, एकाच जाडीची असते. आवाज धारदार, चकाकता, कडक. फ्लिकोर्नोची नळी फुंकायच्या टोकाकडून घंटेसारख्या उघड्या टोकाकडे हळूहळू रुंदावत जाते. आवाज गोल, उबदार, माणसाच्या गळ्याजवळचा. दोन्ही पितळेचीच, ट्रम्पेटलाही आणि फ्लिकोर्नोलाही व्हॉल्व्ह, लांबून पाहणाऱ्याला एकसारखीच दिसणारी. पण एक हुकूम सोडते आणि दुसरी बोलते. तेव्हा थापा फक्त सरळ नळीच्या वाद्यांना द्यायच्या. सोबतीला हॉर्न आणि बासून, कारण व्हेर्दीनं तेच दिले आहेत. बाकी सगळ्यांनी हात मांडीवर ठेवून बसायचं. गोल नळीच्या कुटुंबाला या पहिल्या पानावर एकही स्वर द्यायचा नाही. त्यांना राखून ठेवायचं ते लिओनोरासाठी.

मग ती धापा टाकणारी आकृती. व्हायोलिनवर ती हलकी, कुजबुजती, कुठेही न थांबणारी. गज चालत राहतो, त्याला श्वास लागत नाही. क्लॅरिनेटला लागतो. पण क्लॅरिनेटची संख्या हीच इथे ताकद. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्लॅरिनेटांनी श्वास आळीपाळीनं, शेजाऱ्याच्या श्वासाशी जुळणार नाही असा घ्यायचा, म्हणजे ओघ तुटत नाही. तालमीत प्रत्येकाच्या कागदावर श्वासाची खूण वेगवेगळ्या जागी करून घ्यावी लागते. या एका गोष्टीवर अर्धी तालीम गेली तरी ती सत्कारणी लागली. शिवाय सप्तक नीट निवडावं. क्लॅरिनेटच्या खालच्या आणि मधल्या सप्तकांच्या सांध्यावर काही स्वर फिके, पोकळ येतात आणि बोटांनाही तिथे अडखळायला होतं. ही आकृती त्या सांध्यावर न ठेवता खालच्या सप्तकात नेली की तिला लाकडाच्या पोकळीतून यावा तसा काळोखा रंग येतो. व्हायोलिनपेक्षाही अधिक भयाण, असं मी म्हणेन.

यानंतर आल्वारोची विनवणी येते. ती व्हेर्दीनंच बासरी, ओबो आणि क्लॅरिनेटला दिली आहे. इथे काही उतरवायचंच नाही, जसंच्या तसं ठेवावं. खाली ती अस्वस्थ आकृती डोकावत राहते. ती मात्र ऐकू यायलाच हवी, नाहीतर विनवणी ही एक गोड चाल एवढीच राहते.

लिओनोरा

सगळ्या निवडींतली मोठी निवड ही. मूळात लिओनोराची प्रार्थना व्हायोलिनं गातात, खाली तंतूंची थरथर. बँडसाठी उतरवण्याचा एक सर्वमान्य नियम आहे, अमेरिकेत तर तो पाठ्यपुस्तकासारखा पाळला जातो: व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट. त्या नियमानं प्रार्थना क्लॅरिनेटांच्या समूहाकडे जाते. चुकीचं काहीच नाही. ऐकायला छानही लागतं. पण मग नियतीची आकृतीही क्लॅरिनेटांत आणि प्रार्थनाही क्लॅरिनेटांत. मारणारा आणि मार खाणारा एकाच तोंडानं बोलू लागतात. नाटक तिथे संपतं.

इटालियन चौकातला बँडमास्तर स्वतःला दुसराच प्रश्न विचारतो: हे मुळात कोण गातं? सोप्रानो गाते. मग ते सोप्रानो फ्लिकोर्नोचं. एकट्या वादकाचं, समूहाचं नाही, कारण मठाच्या दारात लिओनोरा एकटीच उभी आहे. व्हायोलिनच्या स्वरलिपीवरून बँडची स्वरलिपी करायची सोडून तो ऑपेराच्या गळ्यावरून करतो. ओव्हर्चरमध्ये व्हेर्दीनं ती चाल व्हायोलिनला दिली कारण पडदा उघडायचा होता आणि सोप्रानो अजून आत चेहरा रंगवत होती. चौकात तिची वाट पाहायचं कारण नाही. ती येणारच नाहीये, तिच्या जागी हा फ्लिकोर्नोवालाच आहे.

याला किंमत पडते, ती लपवून ठेवू नये. अनेक व्हायोलिनं मिळून जी चाल ताणू शकतात ती एका माणसाला एका छातीवर ताणायची असते. लांब वाक्य मध्ये तोडावं लागतं. पण गायिकेलाही ते तोडावं लागतंच, आणि ती कुठे तोडते हे शब्दांनी ठरतं. म्हणून फ्लिकोर्नोवाल्यानं ऑपेरातले शब्द पाठ केलेले असावेत. पूल्यातल्या जुन्या वादकांना ते येत. चालीच्या ओळीखाली शब्द लिहून घेतले तर श्वासाच्या खुणांची गरजच पडत नाही.

ज्या देशांत सोप्रानो फ्लिकोर्नो नाही तिथे फ्लुगलहॉर्न असतो, तो त्याचाच सख्खा भाऊ. तोही नसेल तर कॉर्नेट. ट्रम्पेट मात्र नको. ट्रम्पेटनं नुकतीच तीनदा थाप मारलेली आहे.

थरथरीचं काय करायचं? तंतुवाद्यांची ती थरथर फुंकवाद्यावर जीभ फडफडवून आणता येते, पण ती खडबडीत लागते. त्यापेक्षा हॉर्न आणि अल्टो क्लॅरिनेटला अगदी हलके धरलेले स्वर द्यावेत. उघड्या चौकात थरथर तशीही ऐकू जात नाही.

कावाल्लिनीचा वारसा आणि हार्पची रिकामी जागा

उत्तरार्धात प्रकाश येतो. हार्पच्या उमलत्या सुरांवर एकटा क्लॅरिनेट लिओनोराचं आभाराचं गाणं वाजवतो. हे गाणं क्लॅरिनेटकडेच राहायला हवं, आणि त्याचं कारण या ऑपेराच्या जन्मातच आहे. सेंट पीटर्सबर्गच्या शाही ऑपेरात तेव्हा पहिला क्लॅरिनेट वाजवणारा एर्नेस्तो कावाल्लिनी हा मिलानचा, व्हेर्दीच्या ओळखीचा. त्याच्यासाठी व्हेर्दीनं तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला क्लॅरिनेटला एवढी मोठी स्वतंत्र जागा दिली की तिला छोटा कॉन्चेर्तोच म्हणावा. या ऑपेरात क्लॅरिनेटला आधीपासूनच एक जीव आहे. नियतीची आकृती क्लॅरिनेटांच्या समूहाकडे आणि सुटकेचं गाणं त्यांच्यातल्याच एकाकडे: समूहातून एक जण उठून वेगळं बोलतो. वाद्यवृंदात हे घडत नाही, कारण तिथे ती आकृती व्हायोलिनकडे असते. इथे बँड मूळापेक्षा एक पाऊल पुढे गेला असं मला मनापासून वाटतं.

हार्प मात्र नाही. काही जण तिचे तुटक स्वर दुसऱ्या-तिसऱ्या क्लॅरिनेटला वाटून देतात. चांगले वादक असतील तर जमतं, नसतील तर दोऱ्यात गाठी पडल्यासारखं होतं. मला साधा उपाय बरा वाटतो: खाली बॅरिटोन फ्लिकोर्नोचे दोन-तीन मऊ स्वर, बस्स. क्लॅरिनेट थोडा उघडा पडतो, पडू द्यावा.

मधलं पितळेचं भजन बँडला लागेल तसं दुसऱ्या कोणाला लागणार नाही. इथे पहिल्यांदाच सरळ आणि गोल दोन्ही नळ्या एकत्र येतात. मठ आहे, आश्रय आहे, तेव्हा दोन्ही पक्षांनी क्षणभर एका छपराखाली उभं राहायला हरकत नाही.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मूळ वाद्यवृंदच ऐकावा, हा उपद्व्याप कशाला? ज्याला मिळतो त्यानं जरूर ऐकावा. पण ला स्कालात ज्या साली हे ओव्हर्चर पहिल्यांदा वाजलं त्याच साली, जूनमध्ये, अमेरिकेत बोस्टनला पॅट्रिक गिलमोर या बँडमास्तरानं शांतता-महोत्सवात व्हेर्दीच्याच ‘इल त्रोव्हातोरे’मधलं ऐरणींचं समूहगान प्रचंड ताफ्यासह वाजवलं आणि ऐरणींवर घण मारायला अग्निशामक दलाचे शंभर जवान उभे केले. त्याला गर्दी लोटली होती. एकाच वर्षात एकाच संगीतकाराची ही दोन घरं. पुढे इटलीतून बोटीनं गेलेल्या बँडवाल्यांनी अमेरिकेच्या बागांत, मेळ्यांत, समुद्रकिनाऱ्यांवर ऑपेरा नेला, आणि ज्यांना इटालियनचा एक शब्द कळत नव्हता त्यांनी तो उभ्याउभ्या ऐकला.

शेवटचं पान राहिलं. इथे लिओनोराची प्रार्थना पुन्हा येते, आता पूर्ण आवाजात, सगळ्यांकडून. पहिल्यापासून जे सांभाळलं ते इथे खर्च करायचं. फ्लिकोर्नोचं अख्खं कुटुंब, सगळे क्लॅरिनेट, सॅक्सोफोन त्या चालीत उतरतात. प्रश्न फक्त ट्रम्पेटचा. सुरुवातीला नियती वाजवणाऱ्यानं लिओनोराची चाल वाजवायची का? १८६२ च्या रूपात याचं उत्तर नाही असं आलं असतं, तिथे कोणी वाचतच नव्हतं. पण हे ओव्हर्चर १८६९ चं आहे, ज्यात आल्वारो कड्याच्या टोकावरून मागे फिरतो. म्हणून मी ट्रम्पेटच्या कागदावर चालीच्या पहिल्या आठ मात्रांवर पेन्सिलीनं काट मारून ‘थांबा’ लिहीन, आणि नवव्या मात्रेवर ‘आता फ्लिकोर्नोबरोबर, त्यांच्यापेक्षा हलक्या आवाजात’.